हिलालबाबानं फुगवलेलं पाकीट

"फुगलं बरं, फुगलं," असा गलका झाला आणि यात्रेतली झाडून सगळी माणसं खिंडीतल्या चबुतऱ्याकडे धावली. चबुतऱ्यावर भगवी शाल अंथरलेली होती. शालीवर केळीच्या वेफर्सची पाकिटं मांडली होती आणि त्यांच्यामागे डोळे मिटून हिलालबाबा बसले होते. सावद्याहून निघताना चापट असलेली ती पाकिटं आता टम्म फुगली होती. बायांनी पदर पसरले. पुरुषांनी कानटोप्या काढून हात जोडले. गार वारा नाकाचा शेंडा बधिर करत होता, पण कानटोपी पुन्हा घालायची शुद्ध कोणाला नव्हती.

"हवा नही है बच्चा, प्राण है," डोळे न उघडता हिलालबाबा म्हणाले. "हिमालयानं श्वास टाकला. बंद पाकिटात टाकला. कात्री नाही, सुई नाही, भोक नाही. विज्ञानवाल्यांना विचारा, कुठून शिरला?"

विज्ञानवाला म्हणजे मी. सावद्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो, नाव शालिग्राम. बाबांनी हे बोलताना एक डोळा किलकिला करून माझ्याकडे पाहिलं, आणि पस्तीसेक माणसांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात भाईदासनं शंख फुंकला. भाईदास हा बाबांचा उजवा हात. यात्रेचं सगळं आरक्षण त्यानंच केलं होतं आणि शंख फुंकायची वेळही त्याला बरोबर कळायची.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालच्या दसऱ्याच्या सुमाराची. 'भूतान-हिमालय दर्शन' असा फलक लावून सावदा-रावेरकडची केळीवाली मंडळी निघाली होती. मी का गेलो, असं मला अजूनही लोक विचारतात. मला किल्ले बघायचे होते. आमच्या खानदेशातल्या लळिंगच्या किल्ल्यावर मी पोरांना दरवर्षी नेतो आणि तिथं पडकी तटबंदी दाखवून घसा कोरडा करतो. भूतानचे किल्ले मात्र अजून नांदते आहेत, असं मी वाचलं होतं. तिथं त्यांना जोंग म्हणतात. पांढऱ्या उतरत्या भिंती, वर लाकडी सज्जे, अर्ध्या भागात सरकारी कचेऱ्या आणि अर्ध्या भागात भिक्षू. हे डोळ्यांनी बघायचं म्हणून बायकोला, कुंदाला, घेऊन मी नाव नोंदवलं. बाबा बरोबर आहेत हे न्यू जलपायगुडीला उतरेपर्यंत मला माहीत नव्हतं. ते वेगळ्या डब्यात होते, पहिल्या वर्गाच्या.

बाबांनी बारा वर्षं हिमालयात तप केलं होतं म्हणे. पण फुंटशोलिंगला सीमेवरची कमान ओलांडल्याबरोबर त्यांनी आमचा ड्रायव्हर दोर्जी याला हळूच विचारलं, "यहाँ ठंड कितनी होती है?" हे मी कानांनी ऐकलं आणि कुंदाला सांगितलं. ती म्हणाली, "तुमाले सगळ्यात खोट दिसते. गप बसा न." मी बसलो.

प्रत्येक घरानं एक वेफर्सचं पाकीट आणायचं, ते मेणबत्तीवर नीट बंद करायचं आणि बाबांच्या पत्र्याच्या पेटीत द्यायचं, अशी बाबांची आज्ञा भाईदासनं निघण्यापूर्वी भाविकांना पोचवली होती; मला ती नंतर कळली. पेटीला कुलूप. वाटेत उघडायची नाही. देव प्रसन्न झाला तर पाकिटात श्वास भरेल, नाही झाला तर यात्रा फुकट. ती पेटी या सगळ्यात उंच खिंडीत, मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उघडली गेली. नंतर परतीच्या वाटेवर भाईदासच बोलून गेला, की बाबा एकदा कोणाबरोबर तरी बद्रीनाथला गेले होते आणि तिथल्या दुकानात त्यांनी अशीच पाकिटं पाहिली होती. बारा वर्षांच्या तपाचं एवढंच फळ.

मला नुसता राग आला असता तर मी गिळला असता. पण त्या गर्दीच्या कडेला, बसच्या पायरीवर, मंजुळाबाई बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ निळसर झाले होते.

मंजुळाबाई तोतारामभाऊंच्या बायको. तोतारामचं घराणं मूळ साक्रीकडचं, केळीच्या मागं मागं सावद्याला आलेलं, त्यामुळे घरात बोली अजून अहिराणीच. बाई मोठ्या हसऱ्या. थिंपूच्या जोंगमध्ये दोन दिवसांपूर्वी आम्ही उत्सव पाहिला तेव्हा सगळ्यात जास्त हसल्या त्या. मोठं फरसबंदी अंगण, चारी बाजूंना रंगवलेले सज्जे, माणसं ठेवणीतले कपडे घालून जमिनीवर बसलेली, आणि मध्ये लाकडी मुखवटे घालून भिक्षू संथ गिरक्या घेत नाचत होते. कोणी हरीण, कोणी कावळा, कोणी नुसती कवटी. त्यांच्या मधून लांब लाल नाकाचा एक जण हिंडत होता. तो नाचणाऱ्यांच्या नकला करी आणि बायांच्या घोळक्यात जाऊन लाडात येई. तो मंजुळाबाईंच्या पुढ्यात येऊन मांडी घालून बसला, त्यांच्यासारखाच पदर घेतल्याचं सोंग केलं, आणि बाई खो खो हसल्या. मीही हसलो. सगळं अंगण हसलं.

दुसऱ्या दिवशी बाईंचं डोकं दुखायला लागलं. मुळात त्यांना सर्दी होती. खिंडीत आल्यावर उलटी झाली, मग दम लागायला लागला. चार पावलं टाकली की बसायच्या. बाबांनी इथल्या लाकडी विश्रामगृहात मुक्काम ठोकला होता, कारण अनुष्ठान खिंडीतच व्हायला हवं होतं. तो मुक्काम आता दुसऱ्या दिवसावर आला होता आणि बाईंची छाती बारीक घरघरत होती.

मी त्यांच्याजवळ गेलो. म्हटलं, "अक्का, खाली चला. खाली गेलं की बरं वाटेल."

त्यांनी मान हलवली. थांबत थांबत बोलल्या. "सर, मी त्या सोंगले हासनू. आमना माहेरले भवाडामा देवना मुखवटाले कोनी हासत नही. मुखवटा घाला म्हंजे तो मानूस रहास नही, देव रहास. मी देवले हासनू."

साक्रीकडच्या डोंगरात भवाडा होतो हे मला माहीत होतं. लाकडी मुखवटे चढवले की नाचणाऱ्याच्या अंगात येतं, आणि त्याच्यापुढे दात काढणाऱ्याची धडगत नसते. बाई लहानपणापासून हेच पाहत आल्या होत्या. त्यांनी भूतानच्या विदूषकाला आपल्या गावचा देव समजून स्वतःला दोषी ठरवलं होतं, आणि बाबांनी ते हेरलं होतं. बाबांचा निकाल असा, की मुखवट्याची बाधा झाली आहे, खिंडीतल्या देवाच्या नजरेआड गेलं तर बाधा जिवावर उठेल, म्हणून अनुष्ठान पुरं होईपर्यंत बाईनं इथून हलायचं नाही. पेटी उघडल्यापासून दर थोड्या वेळानं ते फुगलेलं एक पाकीट बाईंच्या छातीला लावत आणि मंत्र पुटपुटत. बाई तेवढ्यापुरता श्वास रोखून धरायच्या, आणि सगळे म्हणायचे, बघा, शांत झाली.

मी दोर्जीला बोलावलं. सगळ्यांसमोर विचारलं, की थिंपूत तो लाल नाकाचा कोण होता.

"वो? वो तो जोकर है, सर," दोर्जी म्हणाला. "हँसाना ही उसका काम है. कोई नहीं हँसा तो उसको बुरा लगता है."

"ऐकलंत?" मी म्हणालो.

"ड्रायव्हरले काय समजते," भाईदास म्हणाला. "अठी देवाचं काम चालू हाये, सर. तुमी शाळेत शिकवा."

मग मी सगळ्यांना ओढतच खिंडीतल्या एकुलत्या एका दुकानात नेलं. दुकान म्हणजे पत्र्याची खोली. दोरीला बिस्किटं, शेवया, वेफर्सच्या पुड्या टांगलेल्या. एकूण एक पुडी फुगलेली. दुकानदारीण बाई थर्मासमधून चहा ओतत होती. मी दोर्जीकरवी विचारलं, की या पुड्यांवर कोणी मंत्र टाकला. ती हसली आणि म्हणाली, खालून येतात तेव्हा चापट असतात, वर आल्या की फुगतात, कधीकधी तर फुटतात आणि नुकसान होतं.

मी तिथंच उभा राहून शिकवलं. म्हटलं, आपल्यावर हवेचा भार असतो. सावद्याला तो जास्त, इथं डोंगरावर कमी. पाकिटात सावद्याची हवा कोंडलेली आहे. बाहेरून दाबणारं कमी झालं, म्हणून आतली हवा पसरली. कोणी श्वास टाकला नाही. आणि जी हवा बाहेर विरळ झाली तीच आपण छातीत घेतो. म्हणून चालताना आपल्या सगळ्यांना धाप लागते आहे आणि अक्कांना तर श्वासच पुरत नाही. त्यांना देवाची बाधा झालेली नाही, उंचीची झाली आहे. औषध एकच, खाली उतरणं.

लोकांनी ऐकलं. खरंच ऐकलं, दोघातिघांनी मानही हलवली. मग दाराशी हिलालबाबा उभे दिसले. त्यांनी दोरीवरच्या पुड्यांवरून सावकाश नजर फिरवली.

"इथपर्यंत पोचलं तर," ते म्हणाले. "मी फक्त आपल्या पाकिटांसाठी मागितलं होतं. देवानं दुकानाला पण दिलं. देणाऱ्याचा हात मोठा असतो, बेटा."

आणि लोकांनी बाबांचा जयजयकार केला. दुकानातल्या पुड्या विकत घेऊन कपाळाला लावल्या. दुकानदारीण बाई बघतच राहिली. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी आयुष्यभर ओततो आहे, पण त्या दिवशी घडाच माझ्या डोक्यावर पालथा घातल्यासारखं झालं. मी बाहेर आलो आणि रागानं एका दगडाला लाथ मारली. लागलं मलाच.

कुंदा माझ्यामागं आली. माझ्यावर चिडायचं सोडून म्हणाली, "सगळ्यायले कायले समजावता? त्या तोतारामभाऊले समजावा. बायको त्यायची हाये."

हे मला सुचायला हवं होतं. मी वर्ग शिकवत बसलो होतो, आणि बाईंना हलवायचं की नाही हे ठरवणारा माणूस एकटा बसला होता.

तोतारामभाऊ बाईंच्या पायाशी बसून त्यांचे तळवे चोळत होते. मोठा गडी, ट्रकभर केळी स्वतः उतरवून घेणारा, आता चेहऱ्यावर रया नव्हती. मला पाहून म्हणाले, "सर, बाबा म्हनतस, तिले खाले लई जावानं नही. खाले गई ते मरी जाई. मी काय करू?"

मी हवेचा भार सांगितला नाही. विचारलं, "तोतारामभाऊ, तुमच्या केळी पिकवायच्या खोलीत तुम्ही अजून धूर देता ना?"

"देतस ना."

"दार लिंपून बंद केलेली खोली. दुसऱ्या दिवशी गडी घड बघायला आत शिरला आणि गुदमरून पडला. काय करता?"

"तंगडी धरीसन बाहेर ओढस."

"त्याच्या अंगात आलं, असं म्हणत नाही?"

"नही. आतमा दम नही रहास, सर. आमले माहीत शे ना."

"भगताला बोलावता?"

"भगत यी तोवर मानूस मरी जाई," असं तोतारामभाऊ म्हणाले. त्यांनी बायकोच्या ओठांकडे पाहिलं. मग आभाळाकडे, खिंडीकडे, चबुतऱ्याकडे पाहिलं. दार लिंपलेलं नव्हतं, भिंती नव्हत्या, नुसता मोकळा डोंगर. तरी त्यांना ती खोली दिसली असावी. ते उठले, बायकोला लहान लेकरासारखं उचललं आणि बसमध्ये नेऊन आडवं केलं.

बाबा धावत आले. बाधेचा, शापाचा, अर्ध्या अनुष्ठानाचा सगळा पाढा वाचला. तोतारामभाऊंनी एवढंच सांगितलं, "बाबा, गाडी खाले जाई. तुम्ही बठतस का राहतस?" थंडी मरणाची होती. बाबा सगळ्यांच्या आधी खिडकीची जागा धरून बसले.

निघण्यापूर्वी मी एक केलं. पाण्याची प्लास्टिकची बाटली रिकामी केली, सगळ्यांसमोर झाकण घट्ट लावलं आणि भाईदासच्या हातात दिली. "तूच धर. मला देऊ नकोस. उघडू नकोस." त्यानं शंखाशेजारी मांडीवर ठेवली.

रस्ता वळणं घेत घेत उतरला. सुरूची झाडं गेली, भाताची शेतं आली, हवेत ऊब आली. घाटाच्या अर्ध्यावर मंजुळाबाईंनी पाणी मागितलं. दरीत पोचेपर्यंत त्या बसून खिडकीबाहेर बघायला लागल्या आणि रस्त्याकडेला केळीची झाडं पाहून नवऱ्याला म्हणाल्या, "आठे बी केयी शे." बसमधल्या सगळ्या केळीवाल्यांनी खिडक्यांतून माना काढल्या. पुनाखाच्या छोट्या दवाखान्यात डॉक्टरनं बाईंना नळीनं प्राणवायू दिला, छाती तपासली आणि मला म्हणाला, की फुप्फुसात पाणी भरायला लागलं होतं. खाली आणलंत म्हणून ठीक आहे, वरच ठेवलं असतंत तर सांगता आलं नसतं. परतताना खिंडीत क्षणभरही थांबू नका.

तिथून पलीकडे दोन नद्यांच्या संगमावर पुनाखाचा जोंग उभा होता. मी ज्याच्यासाठी घर सोडलं तो हाच किल्ला. पांढऱ्याशुभ्र भिंती पाण्यात उतरलेल्या, झुलता पूल, आत थोरला पिंपळ. मी पुलावर उभा राहून डोळे भरून बघणार, तेवढ्यात मागं पुन्हा जयजयकार झाला.

हिलालबाबांनी पुलाच्या तोंडाशी शाल अंथरली होती. पाकिटं बाहेर काढली होती. सगळी पुन्हा चापट. बाबांनी एक चापट पाकीट वर धरलं. "पाकिटातला श्वास कुठं गेला? बाईच्या छातीत गेला. मी इकडून काढला, तिकडं भरला. आता बोला."

पाकीट चापट झालं होतं, बाई श्वास घेत होती, दोन्ही डोळ्यांसमोर होतं. खोटं इतकं बेमालूम जुळलेलं मी आधी पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी होतं. ज्या माणसानं बाईला मरणाच्या दारात अडवून धरलं, त्याच्याच पायावर आता तिच्या वाचण्याचा नारळ फुटत होता.

"भाईदास, बाटली काढ," मी म्हणालो.

त्यानं काढली. बाटली कोणीतरी मुठीत चुरगळल्यासारखी आत गेली होती. भाईदासनं ती उलटसुलट फिरवली. झाकण उघडलं तसा फुस्स आवाज झाला आणि बाटली पुन्हा सरळ झाली.

"हिच्यातला श्वास कोणाला दिला, बाबा?" मी विचारलं. "ही तर रिकामी होती. वरची विरळ हवा आत, खालची दाट हवा बाहेर. बाहेरच्या हवेनं दाबली. पाकिटांचंही तेच झालं."

"नास्तिकानं बंद केलेली बाटली," बाबा म्हणाले, "चिरडणारच."

काही जण हसले. पण भाईदास हसला नाही. त्यानं झाकण पुन्हा लावलं आणि बाटली पिशवीत ठेवली.

दोन दिवस विश्रांती घेऊन आम्ही परत निघालो. वाट त्याच खिंडीतून होती. भाविकांनी आग्रह धरला, की राहिलेलं अनुष्ठान आता पुरं करू. बाबा खिडकीला टेकून बसले होते, डोक्याला शाल गुंडाळून. घाट चढताना त्यांनी दोनदा बस थांबवायला लावून बाहेर उलटी केली. खिंड जवळ आली तसे ते कण्हले, "ड्रायव्हर, रुकना मत. सीधा चलो." आणि कुंदाकडे हात पसरून डोकेदुखीची गोळी मागितली. आदल्या खेपेलाही खिंडीत त्यांनी तिच्याकडून गोळ्या घेतल्या होत्या, हे तिनं तेव्हा भर बसमध्ये सांगितलं. "मी कोनाले बोलली नव्हती," ती म्हणाली. "मले वाटलं, साधूचं डोकं दुखते हे सांगावं कसं."

बस खिंडीत न थांबता गेली. मागच्या बाकावर पेटीचं झाकण उघडं होतं. मंत्र नाही, शाल नाही, बाबांचे डोळे मिटलेले, आणि पाकिटं पुन्हा टम्म. भाईदासनं एक उचललं, बराच वेळ बघितलं, दातांनी फाडलं आणि वेफर्स सगळ्यांत वाटले. कोणी कपाळाला लावले नाहीत.

एवढ्यावर संपलं असतं तर मी सुखी झालो असतो. पण आम्ही सावद्याला पोचण्याआधी गोष्ट पोचली होती. केळीच्या बाजारापाशी मांडव, हार, लाऊडस्पीकर. सपाटीवर येताच बाबांची तब्येत सुधारली होती. त्यांनी माईक घेऊन एका मरत्या बाईला आपण श्वास कसा दिला ते सांगितलं आणि पुढच्या वर्षी याहून उंच जागी जायचं जाहीर केलं. आजारी माणसांना मुद्दाम आणा, म्हणाले. पहिल्या रांगेत एक म्हातारी खोकत बसली होती. तिनं लगेच हात वर केला.

मी उठणार होतो. माझ्याआधी मंजुळाबाई उठल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या म्हातारीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. माईक नव्हता, पण आवाज ऐकू गेला.

"अक्का, तू जाऊ नको. माले बाबानी वाचाडं नही. बाबा माले वरच ठेवी राहिंता. मना घरधनीनी माले खाले आनं, म्हनीसन मी जित्ती शे."

बाबा माईकवर काहीतरी बोलू लागले, तर बाई तिथंच म्हातारीचा हात धरून उभ्या राहिल्या. निम्मे लोक उठून गेले. निम्मे बसून राहिले, आणि त्यांनी नंतर बाबांच्या पायाही पडून घेतलं. मी हे लपवत नाही.

म्हणून हे लिहिलं. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी शेजारच्या दुकानातली पुडी बघा. ते जमत नसेल तर नका बघू. पण ज्याचा श्वास कोंडला आहे त्याला आधी मोकळ्या हवेत न्या, खाली न्या, डॉक्टरकडे न्या. देव कुठं पळून जात नाही. माणूस जातो.